कर्मवीर दादासाहेब गायकवाड : बासष्टाव्या वर्षीचा सत्याग्रही



रविवारची वंदना संपली की आपल्या विहारात दोन बैठका बसतात. एक आत भिंतीला टेकून, वडीलधाऱ्यांची. दुसरी बाहेर पायरीवर, पोरांची. आतले म्हणतात, पोरांना चळवळीचं काही पडलेलं नाही. बाहेरचे म्हणतात, म्हाताऱ्यांनी आता नातवंडं सांभाळावीत अन् आम्हांला करू द्यावं. वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत कोणाचे चरित्र द्यावे याचा विचार करताना, म्हणूनच आम्हांला दादासाहेब आठवले. कारण हा वाद त्यांच्याही वाट्याला आला होता.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील आंबे दिंडोरी या गावी झाला. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. नेतृत्व बाबासाहेबांचे, पण बाबासाहेब मुंबईला किंवा विलायतेला असताना माणसे जमविणे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरची विचारपूस करणे, दगडांचा मार खाऊनही फळी फुटू न देणे, हे सारे भाऊरावांच्या खांद्यावर होते. एवढी मोठी जबाबदारी बाबासाहेबांनी एका तरण्या पोरावर टाकली, हे आतल्या बैठकीने ध्यानात घ्यावे.

पुढे १९३४ साली बाबासाहेबांनी त्यांना पत्राने कळविले की, मंदिरप्रवेशात आता शक्ती खर्च करू नये, ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी. ज्या कामाला चार वर्षे घातली ते सोडायचे म्हणजे कोणालाही जड जाते. भाऊरावांनी ते मानले अन् नव्या कामाला लागले. १९३७ साली ते मुंबई विधानसभेवर निवडून गेले. नाशिकच्या शांताबाई दाणी यांच्यासारख्या शिकलेल्या तरुणीला त्यांनी चळवळीत आणले. घरातल्या बाईने सभेत उभे राहून बोलणे लोकांना रुचत नव्हते, त्या काळातली ही गोष्ट आहे.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले आणि समाज पोरका झाला. दुसऱ्याच वर्षी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दादासाहेब त्याच वर्षी नाशिकहून लोकसभेवर गेले होते. पण पक्षात लवकरच फूट पडली. एका बाजूला ॲड. बी. सी. कांबळे आणि त्यांच्याबरोबरचे शिकलेले तरुण. दुसऱ्या बाजूला दादासाहेब आणि खेड्यापाड्यांतली माणसे. लोकांनी त्यांना पँटवाले आणि धोतरवाले अशी नावेच ठेवली! शिकलेल्यांचे म्हणणे, आता मोर्चे, सत्याग्रह पुरे, घटनेच्या मार्गाने जावे. कमी शिकलेल्या म्हाताऱ्याला हे कळत नाही, अशी कुजबूजही होई.

म्हाताऱ्याला मात्र दुसरे काही दिसत होते. महारवतने कायद्याने गेली, गावकीचे जोखड उतरले, ते चांगलेच झाले. पण ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही त्याने खायचे काय? सरकारी पडीक जमीन आणि गायराने भूमिहीनांना कसायला द्यावीत म्हणून १९५९ साली त्यांनी सत्याग्रह केला. त्यात बौद्धांबरोबर इतर जातींचे भूमिहीनही होते.

सर्वांत मोठा लढा पुढेच होता. १९६४ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांचे निवेदन देण्यात आले : भूमिहीनांना जमीन, स्वस्त धान्य, किमान वेतन, झोपडपट्ट्यांची सुधारणा, धर्मांतरित बौद्धांना सवलती, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र. ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह सुरू झाला आणि तीन लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेले. तान्ही पोरे कडेवर घेऊन आयाबहिणी गेल्या. या साऱ्याच्या पुढे उभे असलेले दादासाहेब तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. आपल्याकडे त्या वयाचा माणूस पेन्शनच्या कागदांत गुंतलेला असतो.

चरित्र लिहायचे तर उणेही लिहावे लागते. काँग्रेसशी केलेला समझोता अनेक कार्यकर्त्यांना पटला नाही. फुटलेला पक्ष त्यांच्या हयातीत एक झाला नाही. पुढची फळी उभी करण्यात ती पिढी कमी पडली, असे आम्हांला वाटते. २९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेब गेले आणि काही महिन्यांतच, १९७२ साली, पुढाऱ्यांच्या भांडणांना विटलेल्या तरुणांनी मुंबईत दलित पँथर काढली. पोरांचा राग खोटा नव्हता.

पण संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लागले ते १९९० साली. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या त्याही १९९० सालीच. निवेदन दिल्यापासून सव्वीस वर्षांनी! मागणी करणारा म्हातारा ते पाहायला नव्हता. आपल्यापैकी कितीतरी घरांतली पोरे त्या सवलतींवर शिकली, नोकरीला लागली. त्यांतल्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे? आणि भूमिहीनांच्या जमिनीची मागणी तर आजही पुरती फिटलेली नाही.

आम्हांला यातून एवढेच उमगते की, चळवळीत वय झाले म्हणून कोणी उठून जायचे नसते आणि वय झाले म्हणून जागा अडवूनही बसायचे नसते. सत्तावीस वर्षांच्या पोरावर भार टाकणारे बाबासाहेब आतल्या बैठकीने आठवावेत. बासष्टाव्या वर्षी तुरुंगाची वाट धरणारे दादासाहेब बाहेरच्या बैठकीने आठवावेत. आणि येत्या रविवारी वंदनेनंतर दोन्ही बैठका एकाच सतरंजीवर बसाव्यात, चहाची सोय आम्ही करतो.

कर्मवीर दादासाहेबांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन! नमो बुद्धाय, जयभीम!