विश्लेषण : तुरुंगातल्या एका रविवारमुळे अमेरिकेतील निराधारगृहांची झडती कशी सुरू झाली? कोण होत्या डोरोथिया डिक्स?

वृद्धाश्रम असो, मनोरुग्णालय असो की निवासी काळजी केंद्र, दाराआड माणसांना कसे ठेवले जाते हे तपासायचे कोणी? अमेरिकेत १८४१ मध्ये हा प्रश्न एका माजी शिक्षिकेने हाती घेतला. त्यांच्याकडे ना सरकारी पद होते, ना मतदानाचा हक्क. तरीही त्यांच्या वहीतील नोंदींमुळे अनेक राज्यांच्या विधिमंडळांना निधी द्यावा लागला.

डिक्स या कामाकडे कशा वळल्या?

डोरोथिया डिक्स यांचा जन्म ४ एप्रिल १८०२ रोजी मेन भागातील हॅम्पडेन येथे झाला. बॉस्टनला आजीकडे आल्यावर त्यांनी तरुणपणीच शाळा काढली. फुप्फुसाच्या आजाराने त्या वारंवार अंथरुणाला खिळत. १८३६ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि लिव्हरपूलमधील रॅथबोन कुटुंबाकडे वर्षाहून अधिक काळ राहिल्या. मनोरुग्णांना साखळीऐवजी शांत निवास आणि उपचार द्यावेत, हा विचार तिथे चर्चेत होता. आजीच्या वारशातून पोटापुरती सोय झाल्याने परतल्यावर नोकरीची सक्ती उरली नाही. पुढची पायपीट या पैशावरच झाली.

मार्च १८४१ मध्ये त्या पूर्व केंब्रिजच्या तुरुंगात महिला कैद्यांचा रविवारचा धर्मवर्ग घ्यायला गेल्या. तिथे कोणताही गुन्हा न केलेल्या मनोरुग्ण स्त्रियाही कोंडलेल्या होत्या, आणि कडाक्याच्या थंडीत त्यांच्या कोठड्यांत शेगडी नव्हती. वेड्यांना थंडी-ऊन कळत नाही, असे कारण तुरुंगवाल्याने दिले. डिक्स न्यायालयात गेल्या आणि शेगडी लागली. पण एका तुरुंगात ही स्थिती असेल तर बाकीच्या ठिकाणी काय असेल, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून गेला नाही.

पाहणीची पद्धत काय होती?

त्यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील तुरुंग आणि निराधारगृहे एकेक करून पाहायला घेतली. निराधारगृह म्हणजे गावाच्या खर्चाने चालणारे घर. म्हातारे, अपंग, अनाथ आणि मनोरुग्ण सगळे एकाच छपराखाली. काही गावांत निराधारांचा चक्क लिलाव होई. सर्वांत कमी पैशांत सांभाळायला तयार असेल त्याच्या हवाली माणूस केला जाई. ही बोली कमी का लागते, याचा हिशेब करायला फार बुद्धी लागत नाही. जेवण, सरपण आणि अंथरूण यांवर जितका कमी खर्च, तितका सांभाळणाऱ्याचा फायदा.

वूस्टर येथे राज्याचे मनोरुग्णालय होते. पण तिथे जागा अपुरी असल्याने बरे न होणारे ठरलेले रुग्ण गावाकडे परत पाठवले जात. शिवाय तिथे रुग्ण ठेवायचा तर गावाला पैसे मोजावे लागत. त्यापेक्षा घरामागची कोठडी स्वस्त पडे.

डिक्स गावाचे नाव, रुग्णाची अवस्था, साखळी आहे का, खोलीत ऊब आहे का, असे सगळे लिहून ठेवत. आजच्या भाषेत ही फील्ड सर्व्हेची शीटच. लिंकनमध्ये एक स्त्री पिंजऱ्यात होती. मेडफर्डला एक जण साखळीने बांधलेला, तर दुसरा १७ वर्षे बंद खोपट्यात होता. जिथे सांभाळणारे प्रेमाने वागत होते, तेही त्यांनी नमूद केले.

निवेदनाचे काय झाले?

जानेवारी १८४३ मध्ये हे सारे निवेदनरूपाने विधिमंडळापुढे गेले. स्त्रीला सभागृहात बोलता येत नसल्याने सदस्य सॅम्युअल ग्रिडली हाऊ यांनी ते मांडले. काही गावांचे कारभारी चिडले आणि आमची बदनामी झाली, असे म्हणू लागले. वर्णनात अतिशयोक्ती असल्याचा आक्षेप पुढे इतिहासकारांनीही घेतला. तरी मूळ चित्र खोटे पडले नाही. वूस्टरच्या विस्ताराला मंजुरी मिळाली.

मग डिक्स इतर राज्यांत शिरल्या. तीनेक वर्षांत त्यांनी १० हजारांहून अधिक मैल प्रवास केला. १८ राज्य कारागृहे, ३०० जिल्हा तुरुंग आणि ५०० हून अधिक निराधारगृहे पाहिली. न्यू जर्सीतील ट्रेंटनचे मनोरुग्णालय १८४८ मध्ये उघडले. त्याला त्या आपले पहिले अपत्य मानत. तीसहून अधिक संस्थांच्या स्थापनेत किंवा विस्तारात त्यांचा हात होता. मनोरुग्ण आणि अंध-मूकबधिरांसाठी १ कोटी २२ लाख ५० हजार एकर सरकारी जमीन देण्याचे विधेयक त्यांनी काँग्रेसकडून मंजूर करून घेतले. १८५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांनी नकाराधिकार वापरला. धर्मादाय काम राज्यांचे, केंद्राचे नव्हे, हा त्यांचा युक्तिवाद होता.

एक गोष्ट मात्र खटकते. दक्षिणेतील राज्यांत फिरताना गुलामगिरीबद्दल त्या गप्प राहिल्या. तिथल्या आमदारांची मते हवी होती, हे स्पष्टीकरण पुरेसे वाटत नाही.

स्कॉटलंडमध्ये वेगळे काय घडले?

विधेयक पडल्यावर त्या युरोपात गेल्या. १८५५ मध्ये एडिंबराजवळच्या मसलबरा येथे त्यांनी खासगी निवासगृहे पाहिली. तिथे गरीब मनोरुग्णांना कमी दरात ठेवून मालक नफा काढत होते. परवाने आणि तपासणी शेरीफकडे होती, पण ती ढिली होती. डिक्स यांनी थेट लंडन गाठले. कुणकुण लागताच एडिंबराचे लॉर्ड प्रोव्होस्टही निघाले. पण ते पोहोचेपर्यंत डिक्स यांनी गृहमंत्री सर जॉर्ज ग्रे यांच्याकडे तक्रार नेलेली होती. शाही आयोग नेमला गेला आणि १८५७ च्या कायद्याने आयुक्तांचे कायमस्वरूपी मंडळ आले. त्याचे उपायुक्त संस्थांतच नव्हे, तर खासगी घरांत ठेवलेल्या रुग्णांकडेही जाऊन पाहणी करत.

फरक इथेच आहे. स्कॉटलंडला तपासणारे लोक मिळाले, अमेरिकेला मुख्यतः इमारती मिळाल्या. मॅसॅच्युसेट्समध्ये धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणारे राज्य मंडळ १८६३ मध्ये झाले. तोवर डिक्स यांच्या पहिल्या निवेदनाला २० वर्षे उलटली होती.

इमारती भरायला वेळ लागला नाही. एका रुग्णालयात २५० पेक्षा जास्त रुग्ण नकोत, असे अधीक्षकांच्या संघटनेने १८५१ मध्ये ठरवले होते. १८६६ मध्ये तीच मर्यादा ६०० झाली.

अखेरची वर्षे कुठे गेली?

यादवी युद्धात डिक्स लष्करी परिचारिकांच्या प्रमुख होत्या. डॉक्टरांशी त्यांचे खटके उडत आणि १८६३ मध्ये त्यांचे अधिकार कमी करण्यात आले. युद्धानंतर त्या पुन्हा पाहणीला लागल्या. तब्येत ढासळल्यावर १८८१ मध्ये त्या ट्रेंटनच्या रुग्णालयात राहायला गेल्या. न्यू जर्सीने त्यांना तिथे तहहयात खोल्या दिल्या होत्या. जुलै १८८७ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

त्याच ट्रेंटनमध्ये १९०७ पासून डॉ. हेन्री कॉटन प्रमुख होते. शरीरातील जंतुसंसर्गामुळे वेड लागते, या समजुतीने त्यांनी रुग्णांचे दात, टॉन्सिल आणि मोठे आतडे काढायचा सपाटा लावला. आतड्याच्या शस्त्रक्रियेत सुमारे ३० टक्के रुग्ण दगावतात, हे त्यांनीच लिहिले होते. १९२० च्या दशकाच्या मध्यात डॉ. फिलिस ग्रीनएकर यांनी तिथल्या नोंदी आणि रुग्ण तपासले. कॉटन यांचे दावे टिकत नाहीत, असा निष्कर्ष त्यांच्या अहवालात होता. तो अहवाल दडवला गेला आणि कॉटन १९३० पर्यंत पदावर राहिले.