संगणकाला शब्द शिकवणाऱ्या ग्रेसबाई

मे महिन्याच्या सुट्टीत बहिणीची मुलगी केंदूरला आमच्याकडे आली होती. ओसरीवर लॅपटॉप मांडून बसली. बघते तर काय, ना चित्रं, ना माऊस. नुसता काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं! मला एकदम लग्नाआधीचा कॉम्प्युटर क्लास आठवला. चपला बाहेर काढायच्या, आज्ञा टाइप करायची आणि एक अक्षर चुकलं की मशीन ढिम्म. आपल्या हातून काही मोडेल या धास्तीने मी तो क्लास मध्येच सोडला.

भाची म्हणाली, मावशी, आता लोक हे हौसेने पुन्हा शिकतात. माऊसने दहा वेळा करायचं काम एका ओळीत होतं. फोनच्या तारेवरून निरोप देणारे-घेणारे जुने 'बुलेटिन बोर्ड'सुद्धा काही हौशी मंडळींनी पुन्हा जिवंत केलेत म्हणे. मग तिनेच मला ग्रेस हॉपर यांची गोष्ट सांगितली. मैत्रिणींनो, ती तुम्हालाही सांगावीशी वाटते.

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. सात वर्षांच्या असताना गजराचं घड्याळ चालतं कसं, हे बघायला त्यांनी ते उघडलं. परत जोडता येईना, म्हणून दुसरं उघडलं. असं करत घरातली सात घड्याळं खोलून ठेवली! आईने पाठीत धपाटा नाही घातला. खेळायला एक घड्याळ देऊन टाकलं, बाकीची उचलून ठेवली.

१९३४ मध्ये येल विद्यापीठातून त्या गणितात डॉक्टरेट झाल्या. कॉलेजात शिकवणं त्याआधीच सुरू झालं होतं. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा त्यांना नौदलात जायचं होतं, पण वय जास्त आणि वजन कमी. तरी चिकाटी सोडली नाही. १९४३ च्या अखेरीस खास सवलतीने भरती झाल्या आणि प्रशिक्षणात पहिल्या आल्या.

त्यांना पाठवलं हार्वर्डला, 'मार्क वन' या यंत्रावर. ५१ फूट लांब, म्हणजे आपल्या शाळेच्या दोन वर्गांएवढं धूड! कागदी पट्टीवर भोकं पाडून त्याला हुकूम द्यायचे. याच काळात, १९४५ मध्ये, त्यांचा घटस्फोट झाला. मूलबाळ नव्हतं. कामालाच त्यांनी जवळ केलं.

तेव्हा यंत्राशी बोलायचं तर आकड्यांचे किचकट संकेत लिहावे लागत. ते जमणारी माणसं मोजकी. ग्रेस यांना वाटे, हिशेब ठेवणाऱ्या साध्या माणसालाही यंत्राकडून काम करून घेता आलं पाहिजे. त्याने आकडे का पाठ करावेत? यंत्रानेच शब्द शिकावेत की! लोकांनी वेड्यात काढलं. यंत्राला फक्त गणित येतं, भाषा कुठली, असं सांगितलं. पण १९५२ मध्ये त्यांनी असा प्रोग्रॅम बनवला, जो इतर प्रोग्रॅमची जुळणी यंत्राकडूनच करून घेई. तो तयार असूनही बराच काळ कुणी विश्वास ठेवेना. पुढे त्यांनी 'फ्लोमॅटिक' ही इंग्रजी शब्दांची भाषा तयार केली आणि तिच्याच पायावर १९५९ मध्ये 'कोबोल' ही भाषा आखली गेली.

कोबोल बँकांत, विमा कंपन्यांत, सरकारी कचेऱ्यांत पोचली. २००० साल उजाडताना जुन्या प्रोग्रॅममधल्या दोन आकडी सालांचा घोळ झाला, तेव्हा ते दुरुस्त करण्याचं काम आपल्या मुंबई-पुण्याच्या कितीतरी मुलामुलींना मिळालं. त्यात कोबोलचाही मोठा वाटा होता.

ग्रेस १९६६ मध्ये निवृत्त झाल्या, पण पुढच्याच वर्षी नौदलाने परत बोलावलं. १९८६ मध्ये रिअर ॲडमिरल होऊन त्या बाहेर पडल्या तेव्हा वय होतं ७९! त्यांच्या कचेरीत एक उलटं फिरणारं घड्याळ असे. नेहमी असंच करत आलो, एवढ्यावर अडून बसणाऱ्यांसाठी ते उत्तर होतं. १ जानेवारी १९९२ रोजी त्या गेल्या. अमेरिकेच्या एका युद्धनौकेला त्यांचं नाव दिलेलं आहे.

हे ऐकताना मला आमच्या शेजारचं पाबळ आठवलं. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, तो हाताने काम करत शिकण्यासाठीच. वस्तू उघडून बघितल्याशिवाय ती आपली होत नाही, हे ग्रेसच्या आईलाही कळलं होतं. आपण मात्र मुलीने मिक्सर उघडला की आधी ओरडतो.

त्या संध्याकाळी भाचीने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी भीत भीत एक आज्ञा टाइप केली. अक्षर चुकलं. पडद्यावर चूक असल्याची एक ओळ आली, बस्स. मोडलं काहीच नाही. दुसऱ्यांदा नीट लिहिलं आणि सगळ्या फायलींची यादी झरझर समोर आली. एवढ्याशा भीतीपायी मी क्लास सोडला होता! आता भाची पुण्याला गेली, तरी तिने दिलेल्या दहा आज्ञा माझ्या स्वयंपाकघरातल्या वहीत आहेत, किराणा यादीच्या मागच्या पानावर. त्यातल्या सहा पाठ झाल्यात.