पाचवी चाल

स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर मला बीडची शालेय बुद्धिबळ स्पर्धाच आठवली. मी सातवीत होते. आजोबांनी ओसरीवर शिकवलेला देशी डाव मला येत होता : प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, किल्लेकोट नाही, राजाला एकदा घोड्याची चाल. समोरच्या मुलाने प्यादं दोन घरं टाकलं तशी मी पंचांकडे तक्रार केली! सगळे हसले आणि मी हरले. परतीच्या एसटीत आपल्या गणिताच्या सरांनी मला मीर सुलतान खान सांगितले. बाकीचं मी पुढे नोकरी लागल्यावर वाचलं.

पंजाबातल्या मिठा तिवान्याचे हे गृहस्थ वडिलांकडून देशी डावच शिकले होते. युरोपी नियम विशीत शिकले. सर उमर हयात खान यांनी त्यांना 1929 मध्ये लंडनला नेलं आणि त्याच वर्षी ते ब्रिटिश विजेते झाले. पुढे 1932 आणि 1933 मध्येही. ओपनिंग ही त्यांची कच्ची बाजू. मधला डाव आणि शेवट मात्र असा, की भले भले तिथे दमायचे.

हेस्टिंग्जला 1930-31 च्या स्पर्धेत समोर माजी जगज्जेते कापाब्लांका होते. त्यांनी क्वीन्स इंडियन बचाव घेतला. सुलतान खान यांची पाचवी चाल बघा : वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढचं प्यादं, फक्त एक घर. काळ्या उंटाला पुढे येऊन घोडा बांधायला जागाच उरत नाही. मला ती ओसरीवरचीच चाल वाटते, हा माझा पक्षपात समजा. याच कल्पनेला पुढे पेट्रोसियनचं नाव मिळालं आणि कास्पारोव्हने तिच्यावर कितीतरी डाव जिंकले. तो डाव 65 चालींचा झाला, कापाब्लांका हरले.

1933 च्या अखेरीस मालकांबरोबर ते परतले. 1935 मध्ये आपल्या व्ही. के. खाडिलकरांशी दहा डाव झाले, खाडिलकरांना फक्त एक बरोबरीत सोडवता आला. मग स्पर्धा जवळजवळ संपल्याच. उरली शेती. 1950 मध्ये ग्रँडमास्टर किताब सुरू झाले, तेव्हा त्यांचं नाव यादीत नव्हतं. 1966 मध्ये सरगोध्याला ते वारले.

2024 मध्ये जागतिक संघटनेने त्यांना मानद ग्रँडमास्टर केलं. मी धावत सरांना फोन लावला. सर आधीच बातमी वाचून, पट मांडून बसले होते.