वादक जॉर्ज हॅरिसन आणि काशी

इच्छिलेले सर्व मिळाले म्हणजे मनुष्य सुखी होतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे, हे ज्यांस काही मिळाले नाही त्यांच्यापेक्षा ज्यांस सर्व काही मिळाले त्यांच्या चरित्रावरून अधिक स्पष्ट होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य तरुण पिढीस वेड लावणाऱ्या ‘बीटल्स’ या गायक-वादकांच्या चौकडीतील जॉर्ज हॅरिसन यांचे जीवन या दृष्टीने गृहस्थाश्रमी जनांनी मनन करण्याजोगे आहे.

इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या शहरी २५ फेब्रुवारी १९४३ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील बसवर नोकरी करीत. घर लहान आणि भावंडे चार, त्यांत जॉर्ज सर्वांत धाकटे. मातेच्या कॅथलिक पंथाचे संस्कार त्यांच्यावर झाले, परंतु त्यात मन रमले नाही. शाळेतही रमले नाही. रमले ते केवळ गिटार या वाद्यात. त्याच शाळेत जाणाऱ्या पॉल मॅकार्टनी यांच्याशी मैत्री जडली आणि १९५८ मध्ये ते जॉन लेनन यांच्या वादकमेळ्यात दाखल झाले. पुढे रिंगो स्टार येऊन मिळाले व १९६२ मध्ये पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. १९६४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत त्यांचा दूरचित्रवाणीवरील पहिला कार्यक्रम सुमारे ७ कोटी ३० लक्ष लोकांनी पाहिला. जॉर्ज तेव्हा एकवीस वर्षांचेही झाले नव्हते.

धन, मान, कीर्ती ही तिन्ही अशी अकस्मात पायाशी लोळू लागली. परंतु कीर्तीच्या पाठोपाठ बंधनही आले. रस्त्यावर पाऊल टाकणे अशक्य झाले. रंगमंचावर ते वाजवीत असता श्रोत्यांच्या किंकाळ्यांत त्यांचे वादन त्यांनाच ऐकू येत नसे. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे या चौघांनी तिकीट लावून केलेला अखेरचा जाहीर कार्यक्रम झाला. लाखो लोक ज्याचा हेवा करीत, तो तरुण आतून रिता होता.

भारताशी त्यांचा संबंध एका योगायोगाने आला. १९६५ मध्ये एका चित्रपटाच्या चित्रीकरणात हॉटेलच्या प्रसंगासाठी काही भारतीय वादक आणले होते. त्यांच्याजवळची सतार जॉर्जनी हाती घेतली. पुढे लंडनच्या एका दुकानातून त्यांनी एक सतार विकत घेतली आणि त्याच वर्षी ती एका गीतात वाजविली. ते वादन अगदीच प्राथमिक होते. परंतु १९६६ च्या जून महिन्यात लंडनमध्ये पंडित रविशंकर यांची भेट झाली आणि कुतूहलाचे रूपांतर शिष्यत्वात झाले.

रविशंकरांचा जन्म काशीचा, ७ एप्रिल १९२० चा. मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांजवळ त्यांनी कठोर साधना केली होती. आरंभीच्याच एका पाठाच्या वेळी दूरध्वनीची घंटा वाजली. जॉर्ज सतार खाली ठेवून ती ओलांडून जाऊ लागले, तोच गुरुजींनी त्यांच्या पायावर चापट मारली. वाद्यास पाय लागू नये, ते ओलांडू नये, ही गोष्ट आपल्याकडे पोरास सांगावी लागत नाही. परंतु ज्याच्या पायाशी जग लोळत होते त्याला विद्येपुढे नम्र होण्याचा हा पहिला धडा होता. तो त्याने निमूटपणे स्वीकारला, यातच त्याची पात्रता दिसते.

१९६६ च्या सप्टेंबरात जॉर्ज पत्नी पॅटीसह मुंबईस आले. ओळख पटू नये म्हणून मिशी वाढविली होती. तरीही वार्ता फुटली आणि हॉटेलबाहेर गर्दी लोटली. तेव्हा रविशंकर त्यांना काश्मीरात दल सरोवरावरील नौकागृहात घेऊन गेले. याच सहा आठवड्यांच्या प्रवासात त्यांना काशीचे दर्शन घडले.

ते दिवस रामलीलेचे होते. गंगेच्या पैलतीरी रामनगरात सुमारे महिनाभर चालणारी ही लीला एका रंगमंचावर होत नाही. अयोध्या, जनकपूर, पंचवटी, लंका अशी तिची स्थाने गावभर विखुरलेली असतात आणि प्रसंगागणिक सर्व समुदाय एका स्थानाहून दुसऱ्या स्थानी चालत जातो. विजेचे दिवे नाहीत, ध्वनिवर्धक नाहीत. मशालींच्या उजेडात मानसाचे गायन चालते. काशीनरेश विभूतिनारायण सिंह हत्तीवर आरूढ होऊन उपस्थित होते, आणि भोवती देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले असंख्य साधू होते. जॉर्जच्या मनावर या साधूंचा फार खोल परिणाम झाला. अंगावर राख, हाती कमंडलू, घर नाही, दार नाही. आपल्या देशात अशांस भटके समजून पोलीस पकडतील, आणि येथे राजाही त्यांस हात जोडतो, हा विचार त्यांनी पुढे आयुष्यभर उराशी बाळगला. किंचाळणारा जनसमुदाय त्यांनी पुष्कळ पाहिला होता. कोणाच्याही नावाने वेडा न होता रामनामासाठी तिष्ठत बसलेला जनसमुदाय त्यांनी येथे पाहिला.

याच काळात स्वामी विवेकानंदांचा ‘राजयोग’ आणि परमहंस योगानंदांचे आत्मचरित्र ही पुस्तके त्यांच्या वाचनात आली. योगानंदांच्या गुरुपरंपरेतील श्यामाचरण लाहिरी महाशय हे काशीचेच. सरकारी कचेरीत हिशेबाचे काम करून, संसार सांभाळून त्यांनी योगसाधना केली होती. १९६७ मध्ये बीटल्सची जी सुप्रसिद्ध ध्वनिमुद्रिका निघाली, तिच्या मुखपृष्ठावरील चित्रसमूहात जॉर्जच्या इच्छेने लाहिरी महाशयांचे व त्या परंपरेतील अन्य गुरूंचेही चित्र आले. १९६८ च्या आरंभी ते महर्षी महेश योगी यांच्या ऋषिकेशातील आश्रमात राहून ध्यान शिकले.

सतारीचा अभ्यास त्यांनी सुमारे तीन वर्षे मनापासून केला. परंतु हे वाद्य बालपणापासून दिवसाचे अनेक तास मागणारे आहे, आपण फार उशिरा आरंभ केला, हे सत्य त्यांना कळून चुकले. तेव्हा अभिमान न धरता त्यांनी सतार खाली ठेवली आणि आपले गिटार पुन्हा हाती घेतले. परधर्म कितीही मोहक असला तरी स्वधर्मातच मनुष्याचे कल्याण असते, ही गीतेची शिकवण येथे प्रत्यक्षात उतरलेली दिसते. ते मठात राहण्यास गेले नाहीत. जे काम हाताला येत होते तेच त्यांनी ईश्वराकडे वळविले.

१९६९ मध्ये लंडनच्या राधाकृष्ण मंदिरातील भक्तांकडून महामंत्राची ध्वनिमुद्रिका त्यांनी काढविली. ती इंग्लंडच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत बाराव्या स्थानापर्यंत पोचली. १९७० मध्ये बीटल्सची फाटाफूट झाली. त्याच वर्षी निघालेल्या त्यांच्या स्वतंत्र गीतात ख्रिस्ती स्तुतिघोषाबरोबर हरिनाम आणि गुरुवंदनेचा श्लोकही होता. ते गीत इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत अग्रस्थानी गेले. श्री भक्तिवेदांत स्वामी प्रभुपाद यांच्या श्रीकृष्णविषयक ग्रंथाच्या मुद्रणास त्यांनी द्रव्य दिले आणि १९७३ मध्ये लंडननजीकचा एक मोठा वाडा विकत घेऊन मंदिरासाठी अर्पण केला.

१९७१ मध्ये पूर्व बंगालमधील निर्वासितांचे हाल ऐकून रविशंकर व्याकुळ झाले. जॉर्जनी थोड्याच आठवड्यांत १ ऑगस्ट रोजी न्यूयॉर्क येथे साहाय्यार्थ दोन कार्यक्रम घडवून आणले. सुमारे ४०,००० श्रोते आले. आरंभी रविशंकर, अली अकबर खाँ व अल्लारखा यांचे वादन होते. वाद्ये जुळविली जात असताच ते संगीत समजून श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या! तिकिटांचे सुमारे २,४३,००० डॉलर बालकांसाठी कार्य करणाऱ्या युनिसेफ या संस्थेस मिळाले. मात्र आधी योग्य नोंदणी केलेली नसल्याने ध्वनिमुद्रिका व चित्रपटाचा पुष्कळ पैसा करखात्याच्या घोळात वर्षानुवर्षे अडकला. हेतू शुद्ध असला तरी व्यवहारही दक्षतेने करावा लागतो, हे येथे दिसून येते.

हे जीवन निष्कलंक होते असे नव्हे. मद्य, मादक द्रव्ये व धूम्रपान यांत ते वारंवार गुंतले. पहिला विवाह १९७७ मध्ये संपुष्टात आला. त्यांच्या हरिनामाच्या गीताची चाल दुसऱ्या एका गीताच्या चालीशी जुळते, असा दावा होऊन १९७६ मध्ये न्यायालयाने नकळत केलेले अनुकरण असा ठपका ठेवला. १९७४ च्या आरंभी ते रविशंकरांच्या नव्या घराच्या निमित्ताने पुन्हा काशीस आले व तेथून वृंदावनास गेले. परंतु त्याच वर्षीच्या अमेरिकेतील दौऱ्यात आवाज बसला आणि कठोर टीका झाली. तथापि जपमाळ सुटली नाही. एकदा मोटार चालवीत फ्रान्सहून पोर्तुगालपर्यंत सुमारे २३ तास त्यांनी नामजप चालू ठेवला होता. साधक पडत नाही असे नाही. पडल्यावर पुन्हा उठतो, म्हणून तो साधक.

१९७८ मध्ये ऑलिव्हिया यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. पुत्राचे नाव त्यांनी धैवत व निषाद या स्वरांवरून ‘धनी’ असे ठेवले. उत्तरायुष्यात ते बागेत स्वहस्ते माती खणण्यात रमले. १९९७ मध्ये रविशंकरांच्या वैदिक मंत्र व स्तोत्रांच्या ध्वनिमुद्रिकेची निर्मिती त्यांनीच केली. त्याच वर्षी कर्करोग उद्भवला. १९९९ च्या डिसेंबरात एका माथेफिरूने घरात शिरून त्यांच्यावर सुऱ्याने वार केले, तेव्हाही त्यांच्या मुखातून हरिनाम निघाले. २९ नोव्हेंबर २००१ रोजी लॉस एंजेलिस येथे, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. शय्येजवळ कुटुंबीय होते, कृष्णभक्त होते आणि नामघोष चालू होता.

त्यांच्या अस्थी गंगेत सोडण्यात येणार, असे वृत्त पसरताच काशीच्या घाटांवर वार्ताहरांची गर्दी उसळली. ते दिवसचे दिवस वाट पाहत राहिले, परंतु त्यांना काहीच पाहावयास मिळाले नाही. कुटुंबीयांनी ती गोष्ट आपल्यापुरती ठेवली. ज्याचे प्रत्येक पाऊल एके काळी जगाने टिपले, त्याच्या अखेरच्या यात्रेस साक्षीदार लाभले नाहीत, आणि हेच त्याच्या मनासारखे होते.

पुढील वर्षी, २००२ मध्ये त्यांची अखेरची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तिचा शेवट पिता-पुत्रांनी मिळून गायिलेल्या पार्वतीपतीच्या नामगजराने होतो. काशीच्या घाटाघाटांवर नित्य दुमदुमणारा हाच तो महादेवाचा जयघोष. वैभव सोडून वनात जाणे सर्वांस साधत नाही, आणि गीता तसे सांगतही नाही. जे कर्म वाट्यास आले ते करीत असता, चुकत-पडत का होईना, मन एका नामाकडे वळवीत राहणे प्रत्येक गृहस्थास साधण्यासारखे आहे. परदेशात जन्मलेल्या, परधर्मात वाढलेल्या या वादकास ते साधले.