डॉक्टर ट्रूडो

क्षयरोगावर कोणतेच गुणकारी औषध नव्हते, त्या काळातील ही हकीकत आहे. एडवर्ड लिव्हिंग्स्टन ट्रूडो यांचा जन्म १८४८ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी झाला. ते जेमतेम सतरा वर्षांचे असताना त्यांच्या वडील भावाला क्षयाने ग्रासले. एडवर्ड यांनी त्याची अहोरात्र शुश्रूषा केली. मोकळ्या हवेने रोग्यास अपाय होतो अशी तेव्हा समजूत असल्यामुळे खोलीच्या खिडक्या बंद ठेवीत असत. काही महिन्यांतच त्यांच्या देखत भावाचा अंत झाला.

पुढे एडवर्ड वैद्यकशास्त्र शिकले आणि १८७१ साली डॉक्टर झाले. परंतु १८७३ साली त्यांच्याही फुफ्फुसांत तोच रोग असल्याचे आढळले. त्यांनी जगण्याची आशा सोडली. आपले आवडते अरण्य एकदा डोळे भरून पाहावे, म्हणून ते ॲडिरोंडॅक पर्वतात गेले. अंगी त्राण नसल्यामुळे तेथे एका वाटाड्याने त्यांना उचलून खोलीत नेले. पण शुद्ध हवा, सकस अन्न आणि विश्रांती यांमुळे त्यांचा ताप हटला व भूक वाढली. शहरात परतताच मात्र दुखणे उलटले. अखेर १८७६ साली ते त्याच पर्वतातील सॅरनॅक लेक या खेड्यात सहकुटुंब राहावयास गेले.

दुखणे आपला पिच्छा सोडणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. ताप आला की ते निमूटपणे अंथरुणावर पडत. शक्ती आली की पुन्हा कामाला लागत. जे आपल्याला लाभले, ते गोरगरिबांनाही मिळावे, अशी त्यांची तळमळ होती. लोकांकडून देणग्या मिळवून १८८४ साली त्यांनी तेथे आरोग्यधाम स्थापिले. एका चिमुकल्या लाल घरात आलेल्या दोन गरीब बहिणी हे त्याचे पहिले रुग्ण होत.

त्यांनी सशांवर एक प्रयोगही केला. क्षयाचे जंतू टोचलेले पाच ससे अंधाऱ्या, दमट जागी कोंडले. त्यांतील चार मेले. जंतू न टोचलेले पाच ससे तशाच जागी ठेवले. ते रोडावले, पण जगले. जंतू टोचलेले आणखी पाच ससे एका बेटावर मोकळे सोडून त्यांना भरपूर खाद्य दिले. त्यांतील चार धडधाकट राहिले. या प्रयोगाची माहिती त्यांनी १८८७ साली प्रसिद्ध केली. केवळ वाईट राहणीने क्षय होत नाही. पण जंतू शरीरात शिरल्यावर चांगल्या राहणीने त्याच्याशी झुंजण्याचे बळ येते, हे त्यातून दिसून आले.

१८९३ साल त्यांना फार कठीण गेले. त्यांची लाडकी कन्या क्षयाने दगावली आणि घर व प्रयोगशाळा आगीत भस्मसात झाली. तरीही पुढच्याच वर्षी त्यांनी नवी दगडी प्रयोगशाळा उभारली.

रोग कळल्यापासून बेचाळीस वर्षांनी, १९१५ साली, ते निवर्तले. आज योग्य औषधे नियमाने व पुरी मुदत घेतल्यास क्षयरोग बहुधा बरा होतो. ते भाग्य ट्रूडोंच्या वाट्याला आले नाही. थकल्या देहाला विसावा देणे त्यांनी कमीपणाचे मानले नाही. म्हणूनच त्या दुबळ्या देहाकडून हजारोंची सेवा घडली.