नामदार गोखले आणि उपहासाचे शस्त्र

सार्वजनिक जीवनात उतरलेल्या पुरुषाला टीका चुकत नाही. टीकेला उत्तर देता येते, युक्तिवाद खोडता येतो, आकडे चुकीचे असल्याचे दाखविता येते; परंतु एखाद्या व्यंगचित्राने किंवा बोचऱ्या टोपणनावाने लोकांच्या मनावर उमटविलेली प्रतिमा पुसून टाकण्याचे साधन कोणत्याही मुत्सद्द्यापाशी नसते. इंग्लंडला याचा प्रत्यय अठराव्या शतकातच आला. १७८३ साली चार्ल्स जेम्स फॉक्स यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार नव्या मंडळाच्या हाती सोपविणारे विधेयक पार्लमेंटात आणले. मराठ्यांशी सालबाईचा तह होऊन तेव्हा दीड वर्ष उलटले होते. जेम्स सेयर्स या चित्रकाराने फॉक्स यांना मोगली सरदाराच्या वेषात हत्तीवर बसवून कंपनीच्या कचेरीवर स्वारी करताना रंगविले. हत्तीला तोंड होते त्यांचे सहकारी लॉर्ड नॉर्थ यांचे, आणि पुढे तुतारी फुंकीत चालले होते एडमंड बर्क. विधेयक लॉर्डांच्या सभेत पडले. त्याचे मुख्य कारण राजाचा विरोध हे असले, तरी विरोधकांच्या भाषणांपेक्षा या चित्रांनीच आपले अधिक नुकसान केले, असे खुद्द फॉक्स यांचे मत होते.

ज्या बर्कच्या हाती सेयर्सने तुतारी दिली, त्याच्या ग्रंथांचे पुढे शंभर वर्षांनी पुण्यातील एका तरुण अध्यापकाने मनःपूर्वक पारायण केले. तो अध्यापक म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. बर्कचे वक्तृत्व त्यांनी आत्मसात केले आणि बर्क-फॉक्स यांच्या वाट्याला आलेला उपहासही त्यांना चुकला नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे ९ मे १८६६ रोजी गोखल्यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले. थोरल्या बंधूंनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये दरमहा धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठविले. १८८४ साली पदवीधर झाल्यावर सरकारी नोकरीचा राजमार्ग मोकळा असताना गोखले डेक्कन एज्युकेशन सोसायटीत दाखल झाले आणि पंचाहत्तर रुपये वेतनावर त्यांनी उमेदीची वर्षे अध्यापनात घालविली. त्यांच्या अंकगणिताच्या पुस्तकावर विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या वाढल्या. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली राजकारणाचे शिक्षण झाले आणि आगरकरांच्या 'सुधारका'ची इंग्रजी बाजू त्यांनी सांभाळली.

त्या काळच्या पुण्यात मतभेदाचा निकाल केवळ युक्तिवादाने लागत नसे. आगरकरांची तर सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. लंडनच्या 'पंच' या विनोदी पत्राचे नाव घेऊन मुंबईत 'हिंदी पंच' आणि ठाण्यात 'हिंदू पंच' ही पत्रे चालत होती. १८९८ पासून शिवरामपंत परांजप्यांच्या 'काळ'ने उपरोधाला मराठीत शस्त्राची धार आणली. रानडे आणि त्यांचे शिष्य यांना या वातावरणात वावरावे लागले.

पहिला मोठा घाव गोखल्यांच्या वर्मी बसला तो १८९७ साली. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेत गेले होते. लष्करी खर्च आणि करांचा बोजा यांविषयीची त्यांची साक्ष अभ्यासपूर्ण ठरली. त्याच सुमारास प्लेगच्या बंदोबस्तातील सोल्जरांच्या अत्याचारांची पत्रे त्यांना पुण्याहून मिळाली आणि तो मजकूर त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये प्रसिद्ध केला. इकडे २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. गोखले परत आले तेव्हा पुरावा देण्यास कोणी पुढे येईना, आणि माहिती देणाऱ्यांची नावे सांगणे त्यांच्या सभ्यतेत बसेना. त्यांनी विनाअट माफी मागितली. अँग्लो-इंडियन पत्रांनी त्यांना खोटारडे ठरविले, स्वकीयांनी भ्याड. मित्रांना पोलिसांच्या हाती देण्यापेक्षा स्वतःची अब्रू देणे त्यांनी पत्करले, ही गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नाही. गोखल्यांनी या उपहासाला शब्दाने उत्तर दिले नाही. ते प्लेगग्रस्तांच्या सेवेस लागले.

पुढील दहा वर्षांत त्यांच्या कामानेच ते उत्तर दिले. १९०२ पासून वरिष्ठ कायदेमंडळात त्यांची अर्थसंकल्पावरील भाषणे गाजू लागली. मिठावरील कर, शेतसारा, लष्करी खर्च यांवर ते बोलू लागले की सरकारी सभासदांनाही आकडे पुन्हा तपासावे लागत. १२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षअखेर ते बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

मात्र १९०७ च्या डिसेंबरात सुरतेस काँग्रेस फुटली, आणि जहाल-मवाळ हा भेद पक्षापुरता न राहता घराघरांत शिरला. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. गोखले त्या वेळी राजकीय सुधारणांच्या वाटाघाटींसाठी इंग्लंडमध्ये होते आणि भारतमंत्री मोर्ले यांना भेटत होते. एवढ्या योगायोगावरून टिळकांच्या शिक्षेस गोखल्यांची संमती होती, अशी कंडी पिकली. वास्तविक ही शिक्षा स्वतः मोर्ले यांनाच रुचली नव्हती. पण शोकसंतप्त समाजाला कोणीतरी अपराधी हवा असतो. 'हिंदू पंच'ने हा आरोप छापला. माफीच्या वेळी मौन पाळणारे गोखले या वेळी न्यायालयात गेले. निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि ते पत्र पुढे बंद पडले.

या खटल्याबद्दल गोखल्यांना दोष देता येणार नाही. चूक दाखविणे, खोड काढणे, अगदी टवाळी करणे हा पत्रकाराचा अधिकार आहे. न घडलेली फितुरी एखाद्याच्या माथी मारणे हा नव्हे. सेयर्सने फॉक्स यांना हत्तीवर बसविले तेव्हा हत्ती काल्पनिक आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक होते. 'हिंदू पंच'च्या वाचकाला मात्र कल्पना आणि वस्तुस्थिती यांतील सीमारेषा दिसत नव्हती.

परंतु त्यानंतर दोन वर्षांच्या आतच गोखल्यांनी जे केले त्याचे समर्थन करणे कठीण आहे. १९१० च्या फेब्रुवारीत सरकारने वृत्तपत्रांसंबंधी नवा कायदा आणला. छापखाना चालविणाऱ्याकडून जामीन मागावा आणि मजकूर आक्षेपार्ह वाटल्यास तो जप्त करावा, असा अधिकार त्याने अंमलदारांना दिला. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याचा वध झाला होता आणि वातावरण तापलेले होते. हा कायदा थोड्या काळापुरता असावा, असा गोखल्यांचा आग्रह होता. परंतु विधेयकाच्या तत्त्वाला त्यांनी पाठिंबा दिला. हा निर्णय घेताना जुन्या जखमांची आठवण त्यांच्या मनात होती काय, हे सांगता येणार नाही. परिणाम मात्र दिसला. मौलाना आझादांचे 'अल हिलाल' गोखल्यांच्या हयातीतच, १९१४ साली, याच कायद्याने बंद पाडले.

सोलापूरकरांना त्या कायद्याचा पुढचा इतिहास परका नाही. १९२२ साली रद्द झालेल्या त्याच तरतुदी १९३० च्या एप्रिलात वटहुकुमाच्या रूपाने परतल्या आणि मे महिन्यात या शहरावर लष्करी कायदा लादला गेला. 'कर्मयोगी'चे संपादक रामचंद्र शंकर राजवाडे तुरुंगात गेले. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हेही 'गझनफर' पत्राचे संपादक होते. खोट्या लेखणीला आवर घालण्यासाठी उगारलेला हात पुढे खऱ्या लेखणीवरच पडतो, याचा दाखला शोधण्यास येथील वाचकाला दूर जावे लागत नाही.

गोखल्यांचे मोठेपण या एका मताने उणे होत नाही. १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढील वर्षी १९ मार्चला ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पुढे २००९ साली बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा संसदेने केला, तेव्हा त्या तेरा मतांची किंमत कळली. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत जाऊन त्यांनी गांधीजींच्या लढ्याला बळ दिले. सरकारची चाकरी केल्याचा ज्यांच्यावर आरोप होता, त्यांनी १९१४ साली सरकारने देऊ केलेली 'सर'की नाकारली.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गोखले निवर्तले. ज्यांच्या शिक्षेचे पाप त्यांच्या माथी मारले गेले होते, ते टिळक सिंहगडावरून पुण्यास आले, स्मशानात त्यांनी गोखल्यांचा गौरव केला आणि त्यांचा कित्ता तरुणांपुढे ठेवला. 'हिंदू पंच'च्या आरोपाला न्यायालयाने आधी दिलेले उत्तर खुद्द टिळकांनी असे पुरे केले. गोखले आज ओळखले जातात ते त्या तेरा मतांच्या विधेयकामुळे आणि भारत सेवक समाजामुळे. त्यांची टवाळी करणाऱ्या पत्रांची नावेही बहुतेकांना आठवत नाहीत. १९१० चा कायदा तेव्हा झाला नसता, तरी हे असेच घडले असते.