आधी तक्रार वाचा, मग पाना उचला

मिरजेहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की सांगली, भिलवडी मागे टाकून किर्लोस्करवाडी लागतं. आपल्यापैकी निम्मे लोक तिथे झोपलेले असतात आणि उरलेले वडापाव शोधत असतात! या स्टेशनाचं जुनं नाव कुंडल रोड. १९१० साली इथे निवडुंगाने भरलेलं माळरान होतं आणि साप फार. त्या माळावर कारखाना काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट मी सांगणार आहे. त्यांचे पुतळे आणि फोटो आपण खूप पाहिलेत, पण मला त्यांच्यात दिसला तो एक उत्तम दोष शोधणारा माणूस.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या अभ्यासात त्यांचं मन रमेना. आवडी दोनच, चित्र काढणं आणि यंत्रं खोलणं. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये स्वारी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाली. दोनेक वर्षं गेली आणि लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. रंगांधळेपणा! चित्रकाराला याहून वाईट बातमी कुठली?

आता विचार करा, हात उत्तम आहे, मेहनत आहे, फक्त डोळा चुकीची माहिती देतोय. आपल्यापैकी कोणी असता तर बॅग भरून गावी गेला असता. लक्ष्मणरावांनी मात्र नेमकं काय बिघडलंय ते वेगळं काढलं. रंग गेले, पण रेघ शाबूत आहे. मग त्यांनी ब्रश ठेवून दिला आणि यांत्रिक ड्रॉइंग धरलं. त्याच जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते ड्रॉइंग शिकवू लागले. मोकळ्या वेळात वर्कशॉपमध्ये राबून यंत्रांची माहिती करून घेतली ती वेगळीच.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण मला हे नीट कळलं ते एका जुन्या पिकअपमुळे. माझ्या काकांची पिकअप तासगावकडून द्राक्षांची क्रेट्स वाहते. ऐन हंगामात गाडी ओढेनाशी झाली. चढाला दुसऱ्या गिअरवर यायची. एका गॅरेजवाल्याने न खोलताच टर्बो गेलाय म्हणून सांगितलं. टर्बोचा खर्च म्हणजे काकांचा हंगामच गेला म्हणायचा. सुट्टीत मी आणि गावातला एक मिस्त्री बसलो. आधी एअर फिल्टर काढून पाहिला, मग टर्बोपर्यंतचा रबरी होज आणि त्याचे क्लॅम्प. हवा कुठे चोरून आत जात नव्हती. मग नजर गेली ती फिल्टरच्या पुढे बसलेल्या हवेच्या सेन्सरकडे.

या सेन्सरचं काम सोपं आहे. आत एक बारीक पापुद्रा विजेने तापवलेला असतो. येणारी हवा त्याला थंड करते. त्याचं तापमान राखायला किती करंट लागतो यावरून इंजिनात किती हवा चालली आहे ते कळतं. पापुद्र्यावर धुळीचं किटण बसलं की हवेचा गारवा त्याला नीट लागत नाही. मग भरपूर हवा येत असूनही कॉम्प्युटरला ती कमी वाटते आणि धूर होऊ नये म्हणून तो डिझेल आखडतो. म्हणजे इंजिन धडधाकट, फक्त त्याला मिळणारी बातमी खोटी!

आम्ही मल्टिमीटरने कनेक्टरवर सप्लाय आणि अर्थिंग तपासलं, ते ठीक निघालं. स्कॅनर लावून रेस केली तर हवेचा आकडा वाढायला हवा तेवढा वाढेना. सेन्सरची पिन काढून गाडी चालवली, तर ती उलट बरी ओढायला लागली, कारण आता कॉम्प्युटर खोट्या बातमीऐवजी आपल्या ठरीव आकड्यावर चालत होता. सेन्सर साफ करायच्या स्प्रेने धुऊन पाहिला, फरक पडला नाही. मग बॅटरीची निगेटिव्ह काढली, दोन स्क्रू सोडले, बाण हवेच्या दिशेने ठेवून नवा सेन्सर बसवला आणि जुना फॉल्ट कोड पुसला. टर्बोला हात लावायची वेळच आली नाही.

असो. पुन्हा लक्ष्मणरावांकडे. मुंबईत त्यांनी सायकल पाहिली आणि रामूअण्णांच्या साथीने १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान सुरू केलं. हे मुंबईहून सायकली पाठवायचे आणि रामूअण्णा त्या विकायचे, वर चालवायलाही शिकवायचे. नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

तिथे छोट्या वर्कशॉपात कडबा कापायचं यंत्र झालं आणि पुढे लोखंडी नांगर. नांगर चांगला, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली! बरं, नुसती समजूतच आड येत होती असंही नाही. सुरुवातीच्या फाळांचं टोक लवकर झिजायचं आणि विलायती फाळ टिकायचा. लक्ष्मणरावांनी दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या वाचल्या. एक मनातली होती. ती शेतात नांगर चालवून दाखवूनच जाणार. दुसरी धातूतली होती. ती ओतकामात सुधारणा करूनच जाणार. मेटलर्जीच्या तासाला जागे असाल तर आठवेल, बिडाचा रस साच्यात झटकन थंड झाला की पृष्ठभाग कडक होतो. शेतकरी अडाणी आहे असं म्हणून दुसरी तक्रार पहिलीत ढकलणं सोपं होतं. ते त्यांनी केलं नाही.

बेळगावच्या नगरपालिकेने जागा रिकामी करायला सांगितली तेव्हा कारखाना रस्त्यावर यायची वेळ आली. धावून आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रकार होते. त्यांनी कुंडल रोडजवळची जमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. औंध आज सातारा जिल्ह्यात, वाडी सांगली जिल्ह्यात, पण तेव्हा दोन्ही औंध संस्थानातच. सांगली जिल्ह्याचं नावसुद्धा १९६० पर्यंत दक्षिण सातारा होतं, त्यामुळे हॉस्टेलवर सातारकर विरुद्ध सांगलीकर वाद घालणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं!

वाडीवर माणसं गोळा करतानाही त्यांची हीच पद्धत. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना त्यांनी राखणीला ठेवलं. जगाने भंगारात काढलेला माणूस खरंच निकामी आहे का, हे आधी पाहायचं, मग ठरवायचं. पुढे रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटीलही एके काळी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले होते.

सगळं गोडच झालं असं नाही. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत वाडीचा कारखाना जाळला गेला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. आयुष्यभराचं काम डोळ्यांसमोर राख झालेलं. अशा वेळी कोणता भाग बदलायचा? कारखाना पुन्हा उभा राहिला आणि आजही तिथे पंप बनतात. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले.

आपल्यात कितीतरी जण असे आहेत ज्यांना हवी ती ब्रँच मिळाली नाही, कोणाची केटी राहिली आहे, कोणी घरी फोन करायचं टाळतोय. अशा वेळी आपणही न खोलताच टर्बो गेला म्हणून मोकळे होतो, म्हणजे आपल्यातच दम नाही असं ठरवून टाकतो. लक्ष्मणरावांना वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास कळलं की त्यांचा डोळा रंग ओळखत नाही, आणि डोळा काही बदलून मिळत नव्हता. त्यांनी बाकी काय चालू आहे ते तपासलं. एक एक करून. तेवढं तपासायला सेमिस्टर संपायची वाट बघायला नको.